न वाजणारं पाकीट

“हलव,” आबासाहेब मला म्हणाले. “कानाशी धर आणि जोरात हलव. वाजतंय?”

मी हलवलं. “नाही.”

“मागच्यांना ऐकू जाईल असं सांग.”

“वाजत नाही!” मी ओरडले, आणि समोर बसलेल्या तीस-पस्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाकीट वाजलं नाही म्हणून टाळ्या! मी चौदा वर्षं पार्सलं शिवत होते. त्यातलं एकही कधी वाजलं नव्हतं. पण माझ्यासाठी कुणी दोन बोटं आपटल्याचं मला आठवत नाही.

आमच्या गावच्या मोठ्या पोस्टाच्या पायऱ्यांवर, डाव्या हाताला, माझी जागा होती. त्या काळी विम्याचं पार्सल कापडात शिवून वर लाखेचे शिक्के मारल्याशिवाय खिडकीत घेत नसत. लोक डबे, खोकी घेऊन यायचे. मी मांजरपाट चढवायची, दाभणानं टाके घालायची, मेणबत्तीवर लाख वितळवून शिक्के उठवायची. आमचे मालक शिंपी, घरीच मशीन टाकून बसायचे. घर दोघांच्या हातांवर चालायचं, म्हणजे खरं सांगायचं तर दीड हात माझा आणि अर्धा त्यांचा.

आबासाहेब मिरजगावकर हे माझं गिऱ्हाईक. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष झाले. मंडळात माणसं अकरा, त्यातले पदाधिकारी नऊ. अध्यक्षपदाचा रबरी शिक्का कोटाच्या खिशात कायम असायचा. भाजीवाल्यानं मागितला असता तर पालकाच्या जुडीवरही मारला असता. जुनी नाणी घ्यायची, विकायची, टपालानं परगावी पाठवायची, आणि या सगळ्यात आपल्याइतकं डोकं भूतलावर कुणाला नाही हे रोज कुणाला तरी पटवून द्यायचं, एवढा त्यांचा उद्योग होता.

त्या रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान होतं. ‘नाणी टपालाने सुरक्षित कशी पाठवावीत’, प्रात्यक्षिकासह. प्रात्यक्षिकातलं शिवणकाम माझ्याकडे होतं. मानधन एक कप चहा.

मी एका बाजूला रिकामं खोकं शिवून दाखवत होते आणि आबासाहेब टेबलाशी उभे राहून सांगत होते. नाणं कडेनं धरायचं, त्याच्या तोंडाला, म्हणजे छापाला, बोट लावायचं नाही. घासायचं नाही, पुसायचं नाही. आधी कोऱ्या कागदाची घडी, मग दोन बाजूंनी जाड पुठ्ठा, मग चहूबाजूंनी डिंकाची पट्टी. पट्टीच्या प्रत्येक जोडावर आडवी सही, म्हणजे कुणी उघडलं तर सही तुटते. आणि पाकिटावर आत काय आहे ते चुकूनसुद्धा लिहायचं नाही. प्रात्यक्षिकाला त्यांनी खरं नाणं घेतलं नव्हतं, लोखंडी वायसर घेतला होता. “चारचौघांत खरा माल काढायचा नसतो,” म्हणाले, आणि लगेच कोटाच्या खिशातून खरा माल काढला! घरून सकाळी बांधून आणलेलं दुसरं पाकीट. आत कुठल्याशा संस्थानाचा चांदीचा रुपया होता, इंदूरच्या गिऱ्हाइकाला सोमवारी जायचा होता.

“वायसर मी मुद्दाम त्याच वजनाचा निवडलाय,” दोन हातांत दोन पाकिटं उंच धरून ते म्हणाले. “एकात रुपया, एकात वायसर. ओळखा!”

पाकिटं सगळीकडे फिरली. कुणी तळहातावर तोललं, कुणी कानाशी धरलं, एका म्हाताऱ्यानं तर वास घेतला. कुणालाच ओळखता आलं नाही. आबासाहेबांचा आनंद पोटात मावेना.

“आणि हे उघडून पुन्हा चिकटवायचं म्हणाल, तर अशक्य! माझं पाकीट कुणी नकळत उघडून दाखवलं तर मी नाणी सोडून बटणं जमवीन.”

व्याख्यान संपलं. चहा झाला. मी पिशवी आवरत होते तेव्हा आबासाहेबांना औदार्याचा झटका आला. “चंद्राबाई, हे वायसरचं पाकीट तुला ठेव. नमुना म्हणून बघत जा. शिक जरा.” मग असं कोरडं कसं द्यायचं? दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवून त्यांनी पेन शोधलं, शाई झटकली, आणि एका पाकिटावर लिहिलं, ‘सौ. चंद्रभागा हावळे यांस सप्रेम भेट.’ खाली तारीख, सही आणि अर्थातच शिक्का. पाकिटावर काही लिहायचं नाही म्हणून तासभर घसा कोरडा करणारा माणूस हा.

मी ते घरी नेलं आणि मशीनच्या खणात टाकलं. मला काय करायचं होतं त्याचं?

सोमवारी ते पायऱ्यांवर आले. दुसरं पाकीट एका लाकडी डबीत घातलेलं होतं. डबी मी त्यांच्या डोळ्यांदेखत शिवली, लाख लावली, त्यांनी खिडकीत दिली, पावती घेतली, गेले.

सोळाव्या दिवशी परत आले ते हातात पत्र घेऊन, आणि पायरी चढायच्या आधीच त्यांचा आवाज चढला होता.

“चोर!”

मी मागं वळून पाहिलं, म्हटलं कुणाला बोलतात.

“तुलाच म्हणतोय! इंदूरला काय पोचलं माहीत आहे? वायसर! चाळीस वर्षांची माझी अब्रू, आणि गिऱ्हाईक विचारतंय की हा विनोद आहे का म्हणून!”

पोस्टात आलेली माणसं थांबली. खिडकीवरची रांग मान वळवून बघू लागली. पोस्टमास्तर सय्यदसाहेब बाहेर आले. शांत माणूस, पण नियमाबाहेर इकडचं तिकडं होत नसे.

“काय झालं, आबासाहेब?”

“काय व्हायचंय? माझ्या हातातून हिच्या हातात, हिच्या हातातून तुमच्या खिडकीत. तिसरा हात नाही. आणि वायसरचं पाकीट कुणाकडे होतं? हिच्याकडे! मीच मूर्खासारखं भेट दिलं. हिनं शिवताना आतला माल बदलला. वायसर इंदूरला, रुपया हिच्या घरी!”

“आबासाहेब, तुम्ही समोर उभे होतात,” मी म्हणाले. “डबी तुमची, पाकीट तुम्हीच आत घातलंत.”

“तुझी बोटं चलाख आहेत. आयुष्य गेलंय तुझं त्यात.”

चौदा वर्षं सरळ टाके घातले त्याचं हे बक्षीस.

“तुमच्याकडून अदलाबदल नाही ना झाली?” सय्यदसाहेबांनी हळूच विचारलं.

आबासाहेबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “माझ्याकडून? सय्यदसाहेब, मी या विषयावर व्याख्यानं देतो.”

त्यांनी तक्रार लिहूनच आणली होती. शिक्क्यासकट. सय्यदसाहेबांनी वाचली आणि मला म्हणाले, “चंद्राबाई, ते भेटीचं पाकीट आहे का तुमच्याकडे?”

“आहे. घरी.”

“मग उद्या अकराला घेऊन या. तोपर्यंत इथं बसू नका. वाईट वाटून घेऊ नका, पण तक्रार लेखी आहे.”

“फाटलेलं असणार ते!” आबासाहेब गर्दीला ऐकवत म्हणाले. “रिकामं! नाहीतर हरवलं म्हणेल. मग पोलीस बघतील.”

मी मेणबत्ती विझवली, दाभण, सुतळी, लाख पिशवीत भरली आणि उतरले. रोज ज्या बायका ‘चंद्राबाई, आमचं आधी’ म्हणून हातापाया पडायच्या, त्यांनी पदर सावरून मला वाट करून दिली. पदर सावरून! जसं काही मी त्यांच्या कनवटीचे पैसेच काढणार होते. रागानं माझे कान तापले होते, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटत होती. जागा गेली तर घर कशावर चालवायचं? आणि जागा परत मिळाली तरी चोर म्हटलेल्या बाईच्या हातात किमती डबी कोण देणार?

घरी आले. मालक मशीनवर होते. मी खण उघडला. पाकीट जसंच्या तसं. पट्ट्या शाबूत, सह्या शाबूत, सप्रेम भेट शाबूत. जीव भांड्यात पडला. म्हटलं, उद्या हे नाकावर टेकवते म्हाताऱ्याच्या. उघड म्हणावं, आणि बघ तुझा वायसर.

आणि तिथंच अडकले. माझा वायसर माझ्याकडे असेल, तर इंदूरला पोचला तो कुठला?

आमच्या मशीनजवळ एक लोहचुंबक असायचा. मोडक्या लाऊडस्पीकरमधून काढलेला, चांगला दांडगा. सांडलेल्या सुया-टाचण्या गोळा करायला. मी तो पाकिटाला लावला. लागेना. दुसऱ्या बाजूनं लावला. नाहीच. म्हटलं पुठ्ठा जाड असेल. मशीनच्या डबीतला एक वायसर घेतला, तसल्याच दोन पुठ्ठ्यांत धरला, वर चुंबक नेला. टचकन चिकटला.

पुन्हा पाकिटाला लावला. ढिम्म.

आत लोखंड नव्हतं. आत रुपया होता. त्या शहाण्यानं दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली, पेन शोधलं, आणि उचलताना त्याची त्यालाच ओळखता आली नाहीत. गावाला ‘ओळखा’ म्हणत होता!

मालकांना सगळं सांगितलं. पोस्टातलं, पाकिटाचं, चुंबकाचं. त्यांनी मशीन थांबवलं.

“म्हणजे माल आपल्याच घरात?”

“हो.”

“मेलो आपण. उद्या तिथं ते फोडलं आणि आतून रुपया निघाला, की तो म्हणेल, बघा, हिनं बदलला तो हाच. विहिरीत टाक. आत्ताच्या आत्ता. हरवलं म्हणून सांग.”

“हरवलं म्हटलं की मी चोर.”

“मग उघड, रुपया काढ, आणि त्यात हा आपला वायसर घाल.”

“आणि सह्या कोण करणार, तुम्ही? अहो, हे न उघडलेलं आहे म्हणून तर मी अजून उभी आहे. एक पट्टी सुटली की संपलं.”

त्यांनी कात्री उचलली, ठेवली. चिंधी उचलली, घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “चंद्रे, एक विचारू? आपल्या दोघांतच राहील. खरं सांग. घेतलंस का तू?”

बावीस वर्षं एका ताटातलं खाल्लं होतं. घरात साखर संपली तर शेजारणीकडे वाटीभर मागायची मला लाज वाटते, हे या माणसाला माहीत होतं. मी उठले, पाकीट फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं, आणि भाकरी थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी अकराला पायऱ्यांवर जत्रा होती. आबासाहेबांनी बाकीच्या आठही पदाधिकाऱ्यांना आवतण दिलं होतं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलेले, जणू वार्षिक सभाच. सय्यदसाहेब दारात उभे होते. मी रात्रभर नाही तरी सकाळभर एकच विचार करून ठेवला होता. या माणसाला सत्याशी देणंघेणं नाही, पण आपल्या पाकिटाबद्दल वाईट शब्द तो ऐकून घेणार नाही.

मी फडकं सोडलं आणि पाकीट सय्यदसाहेबांच्या हातात दिलं.

आबासाहेबांचा चेहरा पडला. फाटकं पाकीट बघायला आले होते बिचारे.

“आबासाहेब,” मी म्हणाले, “हे कुणाचं अक्षर?”

“माझं.”

“हे तुम्हीच मला हॉलमध्ये दिलंत? रविवारी? म्हणजे डबी शिवायच्या आदल्या दिवशी?”

“तारीख आहे की वर. सगळ्यांसमोर दिलं.”

“पण मी घरी नेऊन उघडलं असेल. पट्टी ओली करून सोडवली असेल, परत चिकटवली असेल.”

“अशक्य.”

“कशावरून? माझी बोटं चलाख आहेत म्हणालात काल.”

“बाई, तुझ्या बोटांचा काय संबंध!” ते फणकारले. पाकीट हातात घेऊन त्यांनी चारी कडा उजेडाला धरल्या. “सय्यदसाहेब, हे बघा. हा जोड, हा जोड, आणि हा. सही एक केसभर हललेली नाही. मी बांधल्यापासून याला वारासुद्धा लागलेला नाही. माझं पाकीट आहे ते, शेंगदाण्याची पुडी नाही!”

“असं तोंडी बोललं तर उद्या कोण मानणार?” मी म्हणाले. “पुन्हा तुम्हीच म्हणाल, हिनं उघडलं होतं.”

“मी शब्द फिरवणारा माणूस नाही. कागद द्या.”

सय्यदसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना तेवढ्यात थोडंसं कळलं असावं. त्यांनी आतून कोरा कागद आणला. आबासाहेबांनी उभ्या उभ्या लिहिलं, मोठ्यानं वाचत वाचत लिहिलं, की सदर पाकीट मी स्वतः रविवारी सौ. हावळे यांस दिले, त्यानंतर ते कोणीही उघडलेले नाही, अशी माझी तज्ज्ञ म्हणून खात्री आहे. सही. शिक्का. पदाधिकाऱ्यांपैकी दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या ठोकल्या. मी कागद घडी करून पोलक्यात ठेवला.

“आता उघडा,” मी म्हणाले.

“उघडायची काय गरज? शाबूत आहे म्हणजे वायसर आत आहे. म्हणजे दुसरा कुठला तरी वायसर...” तिथं ते थांबले. डोक्यात काहीतरी हललं असावं.

“उघडा, आबासाहेब,” सय्यदसाहेब म्हणाले.

ते उघडायला त्यांना पाच मिनिटं लागली. पट्टी निघेना, नख तुटलं, कुणीतरी ब्लेड आणून दिलं. पुठ्ठा सुटला, कागदाची घडी सुटली, आणि संस्थानाचा रुपया त्यांच्या तळहातावर पडला. त्यांनी त्याच्यावर सरळ अंगठा टेकवला. तोंडावरच. खरा आहे की नाही बघायला.

मग रांगेतला एक सायकलवाला हसला, आणि एकदा हसू फुटल्यावर ते आवरेना. पदाधिकारी आपापल्या चपला बघू लागले.

“गैरसमज झाला,” आबासाहेब म्हणाले.

“माझा नाही झाला,” मी म्हणाले.

“पण एक बघा!” ते एकदम गर्दीकडे वळले, आणि आवाजात जोर आला. “सतरा दिवस! एका शिंप्याच्या घरात, दमट हवेत! आणि रुपयावर डाग आहे? ओरखडा आहे? हे माझ्या पॅकिंगचं...”

मी आतापर्यंत आवाज चढवला नव्हता. आता चढवला. “काल इथंच उभे राहून चोर म्हणालात. तेवढ्याच मोठ्यानं म्हणा की चंद्राबाई चोर नाही.”

“ते सिद्धच झालं की. बोलायचं काय त्यात?”

“काल सिद्ध झालं नव्हतं तरी बोललात.”

सय्यदसाहेब खाकरले. त्यांनी तक्रारीचा कागद आबासाहेबांपुढे धरला आणि म्हणाले, “हेही यावर लिहून द्या, आणि बाई म्हणतात तसं बोलाही. खिडकी उघडायला उशीर होतोय.”

आबासाहेबांनी लिहिलं. मग बोलले. आधी पुटपुटले, मी म्हटलं ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा बोलले, मागच्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा ओरडले. त्या वेळी मात्र टाळ्या पडल्या.

आणि मग काय करावं या माणसानं? खिशातून नवी डबी काढून माझ्यापुढे धरली. “हे जरा आजच्या टपालात जायला हवं. पटकन शिवून टाक.”

“पोस्टमास्तरांनी बसू नका म्हणून सांगितलंय,” मी म्हणाले.

“बसा, चंद्राबाई, बसा,” सय्यदसाहेब घाईनं म्हणाले.

“उद्यापासून,” मी म्हणाले. “आणि यांचं पार्सल उद्याही नाही.”

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. मालक दारातच उभे होते, पुड्यातली जिलेबी शेजाऱ्यांना वाटत. “माझी बायको म्हणजे काय!” असं चाललं होतं. “अध्यक्षाला नाक घासायला लावलं! मला माहीतच होतं. मी कालच म्हटलं, माझी बायको असल्या भानगडीत नाही.”

मी आत गेले. ते मागोमाग आले, जिलेबीचा तुकडा पुढे केला.

“घे की. रागावलीस?”

“काल तर विहिरीत टाक म्हणत होतात.”

“ते काळजीपोटी गं. कागद दे, फ्रेम करून आणतो. भिंतीला लावू.”

“कुणाला दाखवायला?”

“कुणालाही. आल्यागेल्याला. म्हणजे कुणाच्या मनात काही राहायला नको.”

त्यांनी खरंच फ्रेम करून आणली. वर्षानुवर्षं ती भिंतीवर होती. आल्यागेल्याला ते हौसेनं वाचून दाखवायचे, आबासाहेबांची नक्कल करून. लोक पोट धरून हसायचे. मी पाणी आणून द्यायची. आबासाहेबांचा मला पुढे रागसुद्धा राहिला नाही. बढाईखोर माणूस, गावासमोर चोर म्हणाला आणि गावासमोर शब्द परत घेतला, हिशेब मिटला.

मालकांनी विचारलं होतं ते बंद दाराआड, दोघांतच. पुढे एकोणीस वर्षं आम्ही संसार केला. शेवटच्या आजारपणात ते एकदा खाटेवरून त्या फ्रेमकडे बघत बसले होते. म्हणाले, “चंद्रे, तेव्हा मी तुला विचारलं होतं, आठवतं? तू उत्तरच दिलं नव्हतंस.”

“आठवतं,” मी म्हणाले.

ते वाट बघत राहिले. मी पेजेची वाटी त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी पेज प्यायली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. एक ‘नाही’ म्हटलं असतं तर सुखानं गेले असते. मी म्हटलं नाही.